स्तनाच्या कर्करोगासाठी थ्रीडी तपासणी: कोणती निवडावी, कशी करून घ्यावी, अहवाल कसा वाचावा

झाडाची सावली जमिनीवर पडते तेव्हा कोणती फांदी पुढची आणि कोणती मागची, हे सावलीवरून सांगता येत नाही; सगळ्या फांद्या एकाच काळ्या आकृतीत मिसळलेल्या असतात. साध्या मॅमोग्राफीची अडचण नेमकी हीच आहे. दाबून पाच-सहा सेंटिमीटर जाडीच्या झालेल्या स्तनातून क्ष-किरण सोडले जातात आणि त्या सगळ्या जाडीतले ऊतक एकाच सपाट चित्रात एकावर एक पडते. चरबी क्ष-किरणांना फारशी अडवत नाही, म्हणून ती काळपट दिसते. दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतुमय ऊतक पांढरे दिसते, आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. पांढऱ्यावर पांढरे पडले की गाठ झाकली जाते. याच्या उलटही घडते: निरोगी ग्रंथींचे दोन पदर एकमेकांवर पडून गाठीसारखी आकृती तयार होते आणि जिला काहीही झालेले नाही अशा स्त्रीला पुन्हा तपासणीसाठी बोलवावे लागते.

या दोन्ही चुका कमी व्हाव्यात म्हणून त्रिमितीय तपासण्या विकसित झाल्या. मात्र ‘थ्रीडी’ हा एकच शब्द आज निरनिराळ्या यंत्रांसाठी सर्रास वापरला जातो, आणि ती यंत्रे एकच गोष्ट अधिक चांगली दाखवतात असे मुळीच नाही. टोमोसिंथेसिस ऊतकाची रचना काप काढून दाखवते, सोनोग्राफी ध्वनिलहरींचा प्रतिध्वनी टिपते, तर एमआरआय मुख्यतः कोणत्या जागी रक्तपुरवठा अवाजवी वाढला आहे ते दाखवते. म्हणून ‘सर्वात चांगले यंत्र कोणते’ या प्रश्नापेक्षा ‘माझ्या बाबतीत कोणत्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: तक्रार आहे का, हे स्पष्ट सांगणे

स्तनात हाताला गाठ लागत असेल, त्वचा आत ओढली गेली असेल किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली असेल, स्तनाग्र नव्याने आत वळले असेल, त्यातून रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल, किंवा काखेत गाठ असेल, तर ती तपासणी नेहमीची स्क्रीनिंग, म्हणजे तक्रार नसताना केलेली तपासणी, राहत नाही; ती निदानासाठीची तपासणी होते. हा फरक केवळ कागदावरचा नाही. स्क्रीनिंगमध्ये ठरलेल्या प्रतिमा घेतल्या जातात आणि रेडिओलॉजिस्ट, म्हणजे प्रतिमा वाचणारे तज्ज्ञ डॉक्टर, त्या नंतर वाचतात. निदानाच्या तपासणीत मात्र तक्रारीच्या जागी खूण लावली जाते, त्या भागाच्या जादा प्रतिमा घेतल्या जातात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी सोनोग्राफीही होते. अनेक स्त्रिया संकोचाने किंवा ‘यंत्रात दिसेलच’ अशा समजुतीने गाठीचा उल्लेखच करत नाहीत. कृपया असे करू नका. नाव नोंदवतानाच गाठ कोणत्या बाजूला आहे, केव्हापासून आहे आणि पाळीनुसार तिचा आकार बदलतो का, हे सांगा. वय तिशीच्या आत असेल आणि हाताला गाठ लागत असेल, तर साधारणपणे आधी सोनोग्राफी केली जाते, कारण त्या वयात ग्रंथींचे प्रमाण अधिक असते आणि शक्य तिथे क्ष-किरण टाळलेलेच बरे.

दुसरी पायरी: स्तनाचा दाटपणा आणि जोखीम समजून घेणे

मॅमोग्राफीच्या अहवालात स्तनाचा दाटपणा ए, बी, सी आणि डी अशा चार गटांत लिहिलेला असतो. ए म्हणजे जवळजवळ पूर्ण चरबी, बी म्हणजे विखुरलेल्या ग्रंथी, सी म्हणजे ठिकठिकाणी दाट आणि डी म्हणजे अतिशय दाट. सी आणि डी या गटांना ‘दाट स्तन’ म्हणतात. चाळिशीच्या पुढच्या स्त्रियांमध्येही जवळजवळ निम्म्या जणी या गटांत मोडतात, म्हणजे हा आजार नव्हे, शरीराची सर्वसामान्य ठेवण आहे. हाताला स्तन कडक लागतो की मऊ, यावरून दाटपणा ठरत नाही. तो प्रतिमेतच कळतो. दाटपणामुळे गाठ झाकली जाते, शिवाय दाट ऊतक हा स्वतःच कर्करोगाच्या जोखमीचा एक घटक आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राने स्त्रीला तिच्या स्तनाचा दाटपणा कळवणे बंधनकारक झाले आहे. जिथे असा नियम नाही तिथे अहवालातील ही ओळ स्वतः शोधावी आणि सापडली नाही तर विचारून घ्यावी.

जोखीम ठरवताना आई, बहीण, मुलगी, मावशी, आत्या आणि आजी यांच्यापैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का आणि कोणत्या वयात झाला, हे लिहून न्यावे. वडिलांच्या बाजूचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा आहे. तो हमखास विसरला जातो. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांत दोष असल्याचे माहीत असेल, किंवा दहा ते तीस वर्षांच्या वयात दुसऱ्या एखाद्या आजारासाठी छातीवर किरणोपचार झाले असतील, तर तपासणीचा मार्गच बदलतो आणि तो एमआरआयकडे जातो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

टोमोसिंथेसिस: ज्याला बहुतेक ठिकाणी थ्रीडी मॅमोग्राफी म्हणतात

स्तनाच्या टोमोसिंथेसिसचे तंत्र १९९७ साली शोधनिबंधातून मांडले गेले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या यंत्राला फेब्रुवारी २०११ मध्ये मान्यता दिली. यंत्र बाहेरून नेहमीच्या मॅमोग्राफीच्या यंत्रासारखेच दिसते आणि स्तन तसाच दाबला जातो. फरक असा की क्ष-किरणांची नळी एका जागी स्थिर न राहता स्तनाभोवती कमानीत सरकते. ही कमान यंत्रानुसार सुमारे १५ ते ५० अंशांची असते आणि तेवढ्यात वेगवेगळ्या कोनांतून नऊ ते पंचवीस कमी मात्रेच्या प्रतिमा घेतल्या जातात. त्यांवरून संगणक साधारण एक मिलिमीटर अंतरावरचे काप तयार करतो. पाच-सहा सेंटिमीटर जाडी असेल तर एका कोनातल्या तपासणीचे पन्नास-साठ काप होतात. दोन्ही स्तनांचे प्रत्येकी दोन कोन धरले तर जिथे पूर्वी चार चित्रे वाचायची होती तिथे दोनशेहून अधिक काप वाचावे लागतात.

वाचनकक्षात हे कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. अंधाऱ्या खोलीत दोन उंच पडदे असतात आणि रेडिओलॉजिस्ट माउसचे चाक हळूहळू फिरवत त्वचेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे काप पुढे सरकवतात. सपाट चित्रात वरच्या बाहेरच्या भागात एक धूसर पांढरा पट्टा दिसत होता, त्याला ना धड आकार होता ना कडा. अठराव्या कापापर्यंत तिथे विशेष काही नाही. विसाव्या कापापासून बारीक रेषा एका बिंदूकडे खेचल्यासारख्या दिसू लागतात, तेविसाव्या कापात त्या बिंदूभोवती ताऱ्याच्या किरणांसारख्या पसरतात आणि सव्विसाव्यात पुन्हा विरून जातात. सहा-सात मिलिमीटरच्या त्या आकृतीवर सगळ्यांचे लक्ष खिळते, कारण ग्रंथींचा पदर एकावर एक पडून झालेली सावली असती तर ती काप सरकताच सुटी झाली असती. आजूबाजूच्या ऊतकाला ओढून घेणारी ही ताराकृती, ज्याला रचनेतील विकृती म्हणतात, दाखवणे हे टोमोसिंथेसिसचे सर्वात मोठे बळ आहे. लोब्युलर प्रकारचा कर्करोग, ज्याच्या पेशी ठसठशीत गाठ न बनवता रांगेने ऊतकात शिरतात, अनेकदा याच खुणेवरून हाती लागतो.

याचा प्रत्यक्ष फायदा किती, हे मोठ्या अभ्यासांतून तपासले गेले आहे. इटलीतील स्टॉर्म या अभ्यासात ७,२९२ स्त्रियांची दोन्ही प्रकारे तपासणी झाली. केवळ सपाट मॅमोग्राफीने दर हजारी ५.३ कर्करोग सापडले, तर टोमोसिंथेसिसची जोड दिल्यावर ८.१. अमेरिकेतील १३ केंद्रांच्या साडेचार लाखांहून अधिक तपासण्यांच्या २०१४ सालच्या विश्लेषणात पुन्हा बोलवाव्या लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण हजारी १०७ वरून ९१ वर आले आणि सापडलेले कर्करोग हजारी ४.२ वरून ५.४ झाले. माझ्या दृष्टीने पुन्हा बोलावण्याचे प्रमाण घटणे हा आकडाही कमी महत्त्वाचा नाही. ‘पुन्हा या’ असा निरोप आल्यापासून निकाल कळेपर्यंतचे दिवस ज्या घराने काढले आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र टोमोसिंथेसिसच्या मर्यादाही माहीत असाव्यात. नळी पूर्ण वर्तुळात न फिरता थोड्याच कोनात फिरते, त्यामुळे कापाच्या पातळीतला तपशील उत्तम मिळतो, पण खोलीतला तपशील सीटी स्कॅनसारखा काटेकोर मिळत नाही. शस्त्रक्रियेत ठेवलेली धातूची क्लिप पुढच्या-मागच्या अनेक कापांत सावल्या सोडत जाते. कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचा पुंजका, जो कधीकधी सुरुवातीच्या कर्करोगाची खूण असतो, अनेक कापांत विखुरला की एका कापात दोन-तीनच कण दिसतात आणि पुंजका लक्षात येत नाही. म्हणून जाड काप एकत्र करून पाहणे आणि सोबत सपाट प्रतिमाही असणे आवश्यक असते. आणि अतिशय दाट स्तनात गाठीभोवती चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे काप काढूनही पांढऱ्यात पांढरे लपू शकते. डी गटातील स्त्रीने ‘थ्रीडी झाली, आता चिंता नाही’ असे समजू नये.

किरणांच्या मात्रेविषयी विचारणे हा तुमचा हक्क आहे. नेहमीच्या डिजिटल मॅमोग्राफीची मात्रा साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट असते, म्हणजे निसर्गातून प्रत्येकाला काही आठवड्यांत मिळणाऱ्या किरणांइतकी. केवळ टोमोसिंथेसिसची मात्रा त्याच्या आसपासच असते. पण सपाट मॅमोग्राफी वेगळी आणि टोमोसिंथेसिस वेगळी अशा दोन्ही घेतल्या तर मात्रा जवळजवळ दुप्पट होते. आता बऱ्याच यंत्रांत कापांवरूनच संगणक सपाट प्रतिमा तयार करतो, तिला सिंथेटिक मॅमोग्राम म्हणतात, आणि त्यामुळे वेगळी प्रतिमा घ्यावी लागत नाही. वेळ ठरवताना ‘सपाट प्रतिमा वेगळी घेणार की कापांवरून बनवणार?’ एवढे एक वाक्य विचारावे.

तपासणीच्या दिवशी काय करावे

पाळी सुरू असलेल्या स्त्रियांनी शक्यतो पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात वेळ घ्यावी. पाळीच्या आधीच्या दिवसांत स्तन जड आणि हळवे असतात, त्यामुळे दाब अधिक दुखतो. तक्रार असेल तर मात्र पाळीची वाट पाहत थांबू नये. त्या दिवशी काखेत किंवा छातीवर डिओडरंट, पावडर किंवा मलम लावू नये, कारण त्यांतले धातूचे आणि खनिजांचे कण प्रतिमेत कॅल्शियमच्या कणांसारखे दिसतात. कमरेच्या वरचे कपडे सहज काढता येतील असे कपडे घालावेत आणि गळ्यातले दागिने घरीच ठेवावेत. जुन्या तपासण्यांच्या प्रतिमा, केवळ अहवाल नव्हे तर मूळ प्रतिमा, सोबत न्याव्यात. गर्भधारणेची शक्यता असेल, स्तनपान सुरू असेल, स्तनात कृत्रिम रोपण असेल किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तर तंत्रज्ञांना आधीच सांगावे. स्तनपान करणाऱ्या स्त्रीने तपासणीच्या अगदी आधी बाळाला पाजून किंवा दूध काढून स्तन रिकामे केले तर दुखणे कमी होते आणि प्रतिमा अधिक स्पष्ट येते. रोपण असेल तर ते मागे सारून पुढच्या ऊतकाच्या वेगळ्या प्रतिमा घेतल्या जातात.

आत गेल्यावर तंत्रज्ञ तुम्हाला यंत्रासमोर उभे करतील, स्तन हाताने उचलून खालच्या सपाट पृष्ठावर ठेवतील, त्वचेची घडी बोटांनी पुढे काढून सरळ करतील आणि वरून पारदर्शक दाबपट्टी हळूहळू खाली आणतील. दाब का देतात, हे ठाऊक असले की तो सोसणे सोपे जाते. ऊतक पसरते, जाडी कमी झाल्याने किरणांची मात्रा कमी लागते, आणि स्तन हलत नाही. टोमोसिंथेसिसमध्ये हे शेवटचे कारण फार मोठे आहे. यंत्रानुसार नळी चार ते पंचवीस सेकंद सरकत असते आणि तेवढ्या वेळात श्वासाबरोबर स्तन किंचित जरी हलला तरी बारीक कणांच्या कडा पुसट होतात. म्हणून खांदा सैल सोडावा, मान यंत्रापासून वळवावी आणि तंत्रज्ञ सांगतील तेव्हा श्वास रोखावा. वेदना असह्य झाली तर ‘थांबा’ म्हणावे; पट्टी लगेच सैल करता येते. दुसऱ्या कोनातल्या प्रतिमेत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत दिसावा लागतो, त्यासाठी तंत्रज्ञ काखेचा भाग थोडा पुढे ओढतात. हे ओढणे अवघडल्यासारखे वाटते, पण कर्करोग सर्वाधिक वेळा वरच्या बाहेरच्या भागातच आढळतो आणि तो भाग प्रतिमेत पूर्ण येणे त्यावरच अवलंबून असते.

सोनोग्राफीचा त्रिमितीय प्रकार

हातातल्या साध्या प्रोबने, म्हणजे ध्वनिलहरी सोडणाऱ्या उपकरणाने, केलेली सोनोग्राफी करणाऱ्याच्या कौशल्यावर फार अवलंबून असते. स्वयंचलित स्तन सोनोग्राफीत सुमारे पंधरा सेंटिमीटर रुंदीचा प्रोब एका यांत्रिक चौकटीत बसवलेला असतो. तुम्ही उताणे झोपता, स्तनावर जेल आणि जाळीदार कापड लावतात, चौकट स्तनावर टेकवतात आणि प्रोब आपोआप सरकतो. प्रत्येक स्तनाच्या साधारण तीन बाजूंनी अशा फेऱ्या होतात आणि सर्व मिळून पंधरा-वीस मिनिटे लागतात. यात क्ष-किरण नसतात. या माहितीतून छातीला समांतर असा काप तयार करता येतो, जो साध्या सोनोग्राफीत मिळत नाही, आणि त्या कापात आजूबाजूचे ऊतक गाठीकडे ओढले गेलेले स्पष्ट दिसते.

दाट स्तनांसाठी या तंत्राला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. १५,३१८ दाट स्तनांच्या स्त्रियांच्या अभ्यासात मॅमोग्राफीला याची जोड दिल्यावर दर हजारी १.९ जादा कर्करोग सापडले. पण त्याच अभ्यासात पुन्हा बोलवाव्या लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण हजारी १५० वरून २८५ वर गेले. दोन्ही आकडे एकत्र वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये. ही तपासणी मॅमोग्राफीची जागा घेत नाही, कारण कॅल्शियमचे बारीक कण हिला नीट दिसत नाहीत, आणि काखेचा भागही बहुधा हिच्या कक्षेबाहेर राहतो.

एमआरआय: जोखीम अधिक असेल तेव्हा

वाढणाऱ्या कर्करोगाला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार कराव्या लागतात आणि या वाहिन्या गळक्या असतात. हातातल्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमेत उठून दिसणारे औषध, दिले की ते अशा जागी लवकर जमते आणि बऱ्याचदा लवकर ओसरते. एमआरआय हेच टिपते. ग्रंथी दाट आहेत की विरळ, याने तिला फारसा फरक पडत नाही. म्हणून आज उपलब्ध असलेल्या तपासण्यांत लहान कर्करोग शोधण्याची क्षमता एमआरआयची सर्वाधिक आहे.

बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या, आयुष्यभराची जोखीम २० टक्के किंवा त्याहून अधिक ठरलेल्या आणि तरुणपणी छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रियांसाठी अमेरिकन कॅन्सर सोसायटी साधारण तिशीपासून दरवर्षी मॅमोग्राफीसोबत एमआरआयची शिफारस करते. अतिशय दाट स्तनांच्या, पण इतर जोखीम नसलेल्या स्त्रियांविषयी नेदरलँड्समधील डेन्स या अभ्यासाने महत्त्वाचे उत्तर दिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्या गटाला जादा एमआरआयचे निमंत्रण दिले होते, त्यात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघडकीस येणारे कर्करोग हजारी २.५ होते, तर केवळ मॅमोग्राफी झालेल्या गटात हजारी ५.०. हे मधल्या काळातले कर्करोग बहुधा वेगाने वाढणारे असतात, म्हणून त्यांची संख्या निम्म्यावर येणे ही मोठी गोष्ट आहे. पण एमआरआय झालेल्या हजारांपैकी सुमारे ऐंशी जणींना कर्करोग नसताना पुढच्या तपासण्यांना सामोरे जावे लागले.

पाळी सुरू असेल तर एमआरआयची वेळ पाळीच्या पहिल्या दिवसापासून सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान घ्यावी. इतर दिवसांत निरोगी ग्रंथीही कॉन्ट्रास्ट अधिक शोषतात आणि चित्र गोंधळाचे होते. ज्यांचे कर्करोगाचे निदान आधीच झाले आहे, त्यांनी मात्र यासाठी उपचार लांबवू नयेत. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील रोपण किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण यांविषयी आधीच सांगावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, अहवाल न्यावा, आणि गर्भवती असल्यास कॉन्ट्रास्ट टाळले जाते. तपासणीत पालथे झोपायचे असते आणि दोन्ही स्तन कॉइल नावाच्या चौकटीतल्या पोकळ्यांत सैल लोंबते ठेवतात, दाब नसतो. आवाज मोठा असतो, कानांत बोळे घालतात, आणि पूर्ण तपासणीला अर्धा-पाऊण तास लागतो. बंद जागेची भीती वाटत असेल तर ते आधी सांगावे. हातात दिलेली घंटी दाबली की तंत्रज्ञ लगेच येतात, हे माहीत असल्यानेच अनेकींचा अर्धा ताण उतरतो.

थोड्याच प्रतिमा घेऊन दहा मिनिटांत होणारी संक्षिप्त एमआरआयही आता काही ठिकाणी होते. दाट स्तनांच्या १,४४४ स्त्रियांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने दर हजारी १५.२ कर्करोग शोधले, तर त्याच स्त्रियांत टोमोसिंथेसिसने ६.२.

स्तनासाठी खास बनवलेला सीटी स्कॅनही आहे. त्यात पालथे झोपून स्तन टेबलाच्या छिद्रातून खाली सोडतात आणि नळी त्याभोवती पूर्ण फिरते, त्यामुळे दाबाविना खरी त्रिमितीय प्रतिमा मिळते. छातीच्या भिंतीलगतचा आणि काखेकडचा भाग सुटण्याची शक्यता हा त्याचा दोष आहे, आणि तो अजून मोजक्याच केंद्रांत आहे. रुग्णालयातला छातीचा नेहमीचा सीटी स्कॅन म्हणजे ही तपासणी नव्हे.

अहवाल हाती आल्यावर

अहवालाच्या शेवटी बायरॅड्स हा संशयाची पातळी सांगणारा आकडा शोधावा. शून्य म्हणजे माहिती अपुरी आहे, जादा प्रतिमा किंवा सोनोग्राफी हवी. शून्य म्हणजे कर्करोग असे अजिबात नाही आणि बोलावलेल्यांपैकी बहुतेक जणी निरोगीच निघतात. एक आणि दोन म्हणजे संशयास्पद काही नाही. तीन म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा अधिक नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ही सहा महिन्यांची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, कारण सुटते ती हीच. चारमध्ये शक्यता दोनपासून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, म्हणून ए, बी, सी असे उपगट करतात आणि बायोप्सी, म्हणजे सुईने ऊतकाचा नमुना काढून तपासणे, सुचवतात. पाच म्हणजे किमान पंच्याण्णव टक्के शक्यता. सहा हा आकडा बायोप्सीने निदान आधीच झालेल्या रुग्णांसाठी असतो.

आकड्याशिवाय जागेचे वर्णनही वाचावे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे कितीच्या दिशेला, स्तनाग्रापासून किती सेंटिमीटरवर आणि कोणत्या कापात, हे लिहिलेले असेल तर पुढची सोनोग्राफी करणाऱ्याला तीच जागा शोधता येते. बायोप्सी सुचवली असेल तर ती ज्या यंत्रात विकृती दिसली त्याच्याच मार्गदर्शनाखाली होणार का, हे विचारावे. सोनोग्राफीत दिसत असेल तर सोनोग्राफीखाली करणे सर्वात सोपे. पण काही ताराकृती केवळ टोमोसिंथेसिसच्या कापांत दिसतात आणि काही जागा केवळ एमआरआयमध्ये, तेव्हा त्याच मार्गाने सुई नेणारी सोय हवी. नमुना घेतल्यावर तिथे लहानशी खूण ठेवतात, म्हणजे नंतर नेमकी जागा सापडते.

एका बाबतीत मात्र आग्रहाने लिहावेसे वाटते. हाताला गाठ लागत असेल आणि प्रतिमा स्वच्छ असतील, तरी गाठीचा पाठपुरावा थांबवू नये. तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून गाठ घेऊन वर्षभर घरी बसलेली स्त्री जेव्हा परत येते, तेव्हा तो काळ कोणतेही यंत्र भरून देऊ शकत नाही. अशा गाठीची सर्जनने हाताने तपासणी करावी आणि संशय असेल तर बायोप्सी करावी.

शेवटी प्रतिमा जपण्याविषयी. केंद्रातून निघताना छापील फिल्मवर समाधान मानू नका. फिल्मवर चार-सहा निवडक चित्रे येतात आणि बाकीचे दोनशे काप केंद्राच्या संगणकातच राहतात. सर्व कापांसह मूळ डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या) फाइली सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, घरी उघडून पाहण्याचा प्रयत्न नाही केला तरी चालेल, पण त्यावर तारीख आणि कोणती तपासणी हे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी रेडिओलॉजिस्ट नव्या प्रतिमेशेजारी जुनी ठेवून तोच काप लावतील, आणि तेविसाव्या कापातली ती बारीक रेषा गेल्या वर्षीही तिथे होती की यंदाच उमटली आहे, हे त्यांना तिथल्या तिथे कळेल.